हळू चालणारा पेनड्राइव्ह आणि घाईचे उपाय

आमच्यासमोर दोन पानांचे एक टिपण आहे. शिक्षकांच्या एका संगणक प्रशिक्षण वर्गात ते वाटण्यात आले आणि पुढे झेरॉक्सच्या झेरॉक्स निघत बरेच दूरवर गेले. आमच्या हाती आलेल्या प्रतीत मधल्या चार ओळी काळ्या पट्ट्यात बुडाल्या आहेत. 'पेनड्राइव्हवर फाइल जाण्यास वेळ लागत असल्यास करावयाचे दहा उपाय' असे त्याचे शीर्षक. टिपण कोणी काढले हे येथे सांगण्याची गरज नाही. अशी टिपणे पुष्कळ जण काढतात, एकमेकांची पाहून काढतात, आणि त्यांचा साचा इतका ठरलेला असतो की एकाविषयी लिहिले की बाकीच्यांविषयीही लिहून होते.

एरवी अशा कागदाची समीक्षा करायला आम्ही बसलो नसतो. पण एका विज्ञान मेळाव्यात तालुक्याच्या शाळेतल्या एक बाई भेटल्या. त्यांच्या वर्गातील मुले २०२२ च्या जूनपासून गावातल्या तीन वाड्यांवर पाऊस मोजत होती. मापक घरीच केलेले, बाटली आणि नरसाळ्याचे. पण शिस्त पक्की होती. हवामान खात्याप्रमाणेच सकाळी साडेआठला नोंद घ्यायची, मापकाचे आणि आकाशाचे छायाचित्र काढायचे आणि ते व्हॉट्सॲपवर बाईंना पाठवायचे. प्रत्येक नोंदीची एक छोटी मजकुराची फाइलही असे. तीन पावसाळ्यांत साडेचार हजारांच्या आसपास फाइली जमल्या. सगळ्यांचा आकार मिळून एक गीगाबाइटसुद्धा भरत नव्हता. पहिल्या दोन वर्षांचा संग्रह पेनड्राइव्हवर होता. तिसऱ्या वर्षाच्या फाइली त्यावर चढवायला घेतल्या तेव्हा संगणक अर्धा तास दाखवू लागला. बाईंनी टिपण काढले. पहिला उपाय होता: 'पेनड्राइव्ह फॉरमॅट करा.'

संगणकाने इशारा दिला होता. पण जुन्या फाइली शाळेच्या संगणकावर आहेतच अशी बाईंची समजूत होती, आणि मधल्या काळात तो संगणक बदलला गेला होता. त्यानंतर टिपणातील दुसऱ्या उपायाप्रमाणे त्यांनी 'चाचणीसाठी' एक मोठा चित्रपट त्या पेनड्राइव्हवर चढवला. वेग पूर्वीपेक्षा चांगला दिसला. उपाय लागू पडला असे वाटले.

खरे तर त्या पेनड्राइव्हला काहीही झालेले नव्हते.

टिपणाबद्दल आमची मुख्य तक्रार हीच आहे. दहाच्या दहा उपायांत 'गती नेमकी कोठे अडते आहे?' हा प्रश्न एकदाही विचारलेला नाही. नाडी न पाहता दहा औषधांची पुडी बांधून द्यावी तसा हा प्रकार आहे. फाइल एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना किमान पाच टप्पे ओलांडते: मूळ फाइल ठेवलेली डिस्क, संगणकाची तात्पुरती स्मृती, यूएसबीचे पोर्ट, पेनड्राइव्हमधला कंट्रोलर आणि शेवटी प्रत्यक्ष साठवण करणारी फ्लॅश चिप. सर्वांत संथ टप्पा जो असेल तोच साऱ्या प्रवासाचा वेग ठरवतो. बाकीचे चार कितीही सुधारले तरी फरक पडत नाही. मूळ डिस्कच जुनी आणि थकलेली असेल तर पेनड्राइव्ह बदलून काय होणार? आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

आधी पोर्ट घेऊ, कारण खोक्यावरचे आकडे तेथूनच येतात. १९९८ च्या यूएसबी १.१ चा वेग सेकंदाला १२ मेगाबिट होता. २००० साली आलेल्या यूएसबी २.० ने तो ४८० मेगाबिटवर नेला, तर २००८ च्या यूएसबी ३.० ने ५ गीगाबिटवर. हे सारे आकडे बिटचे आहेत, बाइटचे नव्हेत. संगणक फाइलींचा आकार बाइटमध्ये दाखवतो, म्हणून आठाने भागायला हवे. ४८० चे झाले ६०. त्यातूनही संदेशांची देवाणघेवाण वजा केली की प्रत्यक्षात ३० ते ४० मेगाबाइट हाती लागतात. ५ गीगाबिटच्या बाबतीत तारेवर प्रत्येक आठ बिटांसाठी दहा बिट पाठवले जातात, त्यामुळे कमाल मर्यादा सेकंदाला ५०० मेगाबाइट. आठवी-नववीच्या मुलांना एककांचे रूपांतर शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे. गुरुत्वीय त्वरणापेक्षा त्यांना ते जवळचे वाटेल.

आता नावांचा गोंधळ पाहा. २००८ मध्ये जे 'यूएसबी ३.०' होते त्यालाच २०१३ मध्ये 'यूएसबी ३.१ जेन १' म्हणू लागले आणि २०१७ मध्ये 'यूएसबी ३.२ जेन १'. वेग तोच, ५ गीगाबिट. आडनाव दोनदा बदलले म्हणून माणूस उंच होत नाही. पण दुकानात ३.२ चे खोके ३.० च्या खोक्याशेजारी ठेवले की ग्राहक पहिल्याला जास्त पैसे देतो. ज्या तंत्राने कीबोर्डपासून प्रिंटरपर्यंतच्या नाना तऱ्हेच्या जोडण्या एका सुटसुटीत पोर्टात आणल्या, आणि ज्याच्या रचनेत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट इंटेलमध्ये राहून अग्रभागी होते, त्या तंत्राची नावे मात्र इतकी असुटसुटीत असावीत याचे आम्हाला नेहमी नवल वाटते.

त्याहून मोठी दिशाभूल दुसरीच आहे. खोक्यावरचा 'यूएसबी ३.२' हा शिक्का रस्त्याची रुंदी सांगतो, रस्त्याच्या टोकाला असलेल्या गोदामात माल किती भराभर लावला जातो हे सांगत नाही. स्वस्त पेनड्राइव्हवर रस्ता आठपदरी आणि गोदामात हमाल एकच अशी स्थिती असते. खोक्यावर '१०० मेगाबाइटपर्यंत' असे लिहिलेले असेल तर तो बहुधा वाचनाचा वेग असतो. लेखनाचा वेग छापलेलाच नसतो, आणि तो वाचनाच्या दशांशही असू शकतो. 'पर्यंत' या शब्दाबद्दल काय बोलावे! आमच्या शाळेतले सगळेच विद्यार्थी '१०० पर्यंत' गुण मिळवत.

लेखन वाचनापेक्षा इतके हळू का, हे टिपणात येणे शक्य होते. दोन परिच्छेद पुरले असते. ते नसल्यामुळेच बाकीचे उपाय आंधळे झाले आहेत, म्हणून येथे थोडे थांबू.

फ्लॅश स्मृतीची कल्पना जपानमधील तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांची. त्यांनी ती १९८४ मध्ये मांडली. आज पेनड्राइव्हमध्ये वापरला जातो तो नँड हा प्रकार १९८७ मध्ये मांडला गेला. 'फ्लॅश' हे नाव मासुओकांच्या एका सहकाऱ्याने सुचवले. पुष्कळशी स्मृती एकदम पुसली जाते हे पाहून त्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली. म्हणजे हे नाव लिहिण्याच्या वेगावरून पडलेले नाही, पुसण्याच्या पद्धतीवरून पडले आहे. आणि पेनड्राइव्हचा सारा स्वभाव या पुसण्यातच दडलेला आहे.

मुलांना समजावताना आम्ही पाटीचे उदाहरण घेतो. अशी पाटी कल्पा की जिच्यावर एकेक ओळ लिहिता येते, पण पुसायची तर सबंध पाटीच पुसावी लागते. पाचव्या ओळीतला एक शब्द बदलायचा आहे. काय कराल? दुसरी कोरी पाटी घ्याल, पहिल्या चार ओळी तिच्यावर उतरवाल, पाचवी दुरुस्त करून लिहाल, पुढच्या ओळी उतरवाल, आणि सवडीने पहिली पाटी पुसून ठेवाल. एका शब्दासाठी सगळी पाटी लिहावी लागली. फ्लॅशमध्ये ओळीला पेज म्हणतात, ते साधारण ४ ते १६ किलोबाइटचे असते. पाटीला ब्लॉक म्हणतात, तो काहीशे किलोबाइटपासून काही मेगाबाइटपर्यंत असतो. एक पेज वाचायला साधारण २५ ते १०० मायक्रोसेकंद पुरतात. लिहायला त्याच्या कैक पट वेळ लागतो आणि ब्लॉक पुसायला तर काही मिलिसेकंद. शिवाय प्रत्येक पुसण्याने चिप किंचित झिजते. हा सगळा हिशेब पेनड्राइव्हमधला कंट्रोलर सांभाळतो. महागड्या पेनड्राइव्हमध्ये तो हुशार असतो आणि त्याच्या हाताशी कोऱ्या पाट्या पुष्कळ असतात. स्वस्तात तो बेताचाच असतो. पेनड्राइव्ह काठोकाठ भरलेला असला की कोऱ्या पाट्या संपतात आणि वेग आणखी खाली येतो. पाच-दहा टक्के जागा मोकळी ठेवावी असे म्हणतात ते यासाठी.

आता बाईंच्या साडेचार हजार फाइलींकडे वळू. फाइल चढवणे म्हणजे नुसता मजकूर चढवणे नव्हे. प्रत्येक फाइलीसाठी तिचे नाव, तारीख, आकार आणि ती कोठे ठेवली याची नोंद पेनड्राइव्हवरच्या सूचीत करावी लागते. ही नोंद शे-दोनशे बाइटचीच असते, पण ती करण्यासाठी वर सांगितलेला पाटीचा खटाटोप होतो, आणि तोही पुन्हा पुन्हा त्याच जागेसाठी. समजा एखादा पेनड्राइव्ह सेकंदाला १० मेगाबाइट लिहितो. ६०० मेगाबाइटची एकच फाइल तो एका मिनिटात उतरवील. तेच ६०० मेगाबाइट दीडशे-दीडशे किलोबाइटच्या चार हजार फाइलींत वाटलेले असतील आणि प्रत्येक नोंदीला पाव सेकंद जात असेल, तर नुसत्या नोंदींनाच हजार सेकंद म्हणजे जवळजवळ १७ मिनिटे लागतील. पेनड्राइव्ह तोच, पोर्ट तेच. बाईंनी चित्रपट चढवला तेव्हा वेग सुधारलेला दिसला तो फॉरमॅटमुळे नव्हे. चित्रपट ही एकच फाइल होती. एकाच प्रयोगात दोन गोष्टी बदलल्या आणि श्रेय भलतीलाच मिळाले. विज्ञानाच्या शिक्षकांना दिलेल्या टिपणाने त्यांना असा प्रयोग करायला लावावा, याची आम्हाला सर्वांत जास्त खंत वाटते.

येथे टिपणाला न्याय द्यायला हवा. नवव्या क्रमांकावर 'लहान फाइली जास्त असल्यास झिप करून एकच फाइल करावी' असे म्हटले आहे. हा उपाय उत्तम आहे. बाईंचे काम त्याने पंधरा मिनिटांत झाले असते. पण नवव्या उपायापर्यंत पोहोचण्याआधी पहिला करून झालेला असतो! आठव्या क्रमांकाचा, म्हणजे समोरचे पोर्ट किंवा हब सोडून संगणकाच्या मागचे पोर्ट वापरण्याचा उपायही करून पाहण्यासारखा आहे. त्यात एवढी भर घालावी: यूएसबी ३ च्या पोर्टातली जीभ पुष्कळदा निळी असते, आणि तेथे जुन्या चार संपर्कपट्ट्यांच्या जोडीला आत आणखी पाच असतात. पेनड्राइव्ह फार सावकाश आत सरकवला तर पुढच्या चार आधी टेकतात आणि कधीकधी संगणक त्याला २.० चा समजून बसतो. काढून एका दमात पुन्हा घातला की दुरुस्त होते. हा उपाय आम्हाला एका तरुण सहकाऱ्याने दाखवला तेव्हा आम्ही हसलो होतो. नंतर दोनदा तोच उपयोगी पडला.

आता ती हिरवी पट्टी. फाइल चढताना 'अमुक मिनिटे बाकी' असे सांगणारी पट्टी ही मापन करणारी गोष्ट आहे असे आपण धरून चालतो. ती अंदाज करते, आणि तोही चुकीच्या ठिकाणी उभी राहून. संगणक पुष्कळदा फाइल आधी आपल्या तात्पुरत्या स्मृतीत घेतो आणि मग सवडीने पेनड्राइव्हकडे पाठवतो. पट्टी स्मृतीत गेलेला मजकूर मोजते. म्हणून लिनक्स असलेल्या संगणकांवर पट्टी झरझर शंभर टक्क्यांवर जाते आणि नंतर मिनिटेच्या मिनिटे काही घडत नसल्यासारखे दिसते. घडत असते. नेमक्या त्याच वेळी कोणी पेनड्राइव्ह उपसला तर फाइल अर्धवट राहते. टिपणाचा चौथा उपाय आहे, विंडोजमध्ये 'बेटर परफॉर्मन्स' हा पर्याय निवडा. तो निवडल्याने वेग वाढू शकतो, हे खरे. पण तो याच तात्पुरत्या साठवणीमुळे वाढतो, आणि मग 'सेफली रिमूव्ह' केल्याशिवाय पेनड्राइव्ह काढता येत नाही. विंडोज १० च्या १८०९ या २०१८ मधल्या आवृत्तीपासून मूळ मांडणी बदलून 'क्विक रिमूव्हल' करण्यात आली, ती लोक पेनड्राइव्ह सरळ ओढून काढतात म्हणूनच. टिपण पर्याय सुचवते आणि अट सांगत नाही. तास संपल्याची घंटा झाली की शाळेत पेनड्राइव्ह कसा काढला जातो हे आपण सर्व जाणतो.

पट्टी सुरुवातीला सुसाट आणि नंतर रखडत जाण्याचे आणखी एक कारण पेनड्राइव्हच्या पोटात असते. फ्लॅशच्या एका सेलमध्ये विद्युतभार अडकवून ठेवलेला असतो. त्यात एकच बिट ठेवायचा तर भार आहे की नाही, अशा दोनच पातळ्या ओळखाव्या लागतात. तीन बिट ठेवायचे तर आठ पातळ्या, आणि त्या एकमेकांत मिसळू नयेत म्हणून भार बेताबेताने, थांबून तपासत भरावा लागतो. स्वस्त साठवण हवी म्हणून आता बहुतेक पेनड्राइव्ह तीन किंवा चार बिटवाले असतात. काही उत्पादक त्यातला थोडा भाग एक-बिट पद्धतीने वापरतात. आलेला माल आधी तेथे भराभर घ्यायचा आणि नंतर आत नेऊन रचायचा. हा भाग भरेपर्यंत वेग डोळ्यांत भरतो, भरला की मूळ वेग उघडा पडतो. यात बिघाड काही नाही आणि फॉरमॅटने त्यात फरकही पडत नाही. लहान धातूचे पेनड्राइव्ह सतत लिहिताना तापतात आणि काही जण तापले की मुद्दाम हळू होतात. तेव्हा थोडा वेळ थांबणे एवढेच करायचे.

राहिलेले उपाय चटकन पाहू. डीफ्रॅगमेंट करणे हा फिरत्या तबकडीच्या डिस्कसाठीचा उपाय आहे. तेथे वाचणारी टोकदार भुजा इकडून तिकडे धावत असे, तिची धाव कमी करायची. पेनड्राइव्हमध्ये धावणारे काही नाही. तेथे डीफ्रॅगमेंट करणे म्हणजे विनाकारण हजारो पाट्या लिहिणे आणि पुसणे; फायदा नगण्य, झीज मात्र खरी. ड्रायव्हर अद्ययावत करण्याचा उपाय निरुपद्रवी आहे. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर मुळात नव्हता, तो वेगळा घालावा लागे, त्या काळच्या संगणकांपुरता तो रास्तही होता. एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करण्याची शिफारस वेगासाठी का केली आहे ते समजत नाही. फॅट३२ पद्धतीत चार गीगाबाइटहून मोठी एक फाइल मावत नाही ही खरी अडचण आहे, पण तेव्हा फाइल हळू जात नाही, जातच नाही. आणि त्यासाठी एक्सफॅट आहे. एनटीएफएस केलेला पेनड्राइव्ह काही टीव्ही आणि प्रोजेक्टर ओळखत नाहीत, मॅकवर तो वाचता येतो पण मुळात लिहिता येत नाही.

अँटिव्हायरस बंद करण्याच्या सल्ल्याला मात्र आमचा स्पष्ट विरोध आहे. प्रत्येक फाइल तपासली जाते म्हणून वेळ लागतो, हे खरे आहे. पण शिक्षकाचा पेनड्राइव्ह शाळेतून झेरॉक्सच्या दुकानात, तेथून केंद्रशाळेत आणि तेथून घरच्या संगणकावर फिरत असतो. फोल्डर गायब होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसू लागल्याचा अनुभव बहुतेक शाळांनी घेतला आहे. २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट हा इंटरनेटशी न जोडलेल्या यंत्रांपर्यंत पोहोचला तोही पेनड्राइव्हमधून. चार मिनिटे वाचवण्यासाठी दार उघडे टाकू नये.

मग करायचे काय? आधी पेनड्राइव्हवर जे आहे त्याची प्रत दुसरीकडे काढावी. मग घड्याळ घ्यावे. एक गीगाबाइटच्या आसपासची एकच फाइल चढवून, पट्टी पुरी झाल्यावर पेनड्राइव्ह रीतसर सोडवला जाईपर्यंतचा वेळ मोजावा. मग तेवढ्याच आकाराच्या पुष्कळ लहान फाइली चढवाव्यात. दुसऱ्या प्रयोगाला कैक पट वेळ लागला तर दोष फाइलींच्या संख्येचा आहे, झिप करावे. दोन्ही सारख्याच रखडल्या तर फक्त पोर्ट बदलून पहिला प्रयोग पुन्हा करावा. मग फक्त पेनड्राइव्ह बदलून. मग फक्त संगणक बदलून. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे विज्ञानाच्या शिक्षकांना आम्ही सांगावे असे नाही. सातवीतली मुले हे एका तासात करतात आणि तक्ताही मांडतात. आम्ही एका शाळेत करून पाहिले तेव्हा मुलांनी शोधून काढले की संगणकाची स्वतःची डिस्कच सर्वांत संथ आहे. पेनड्राइव्हवर आठवडाभर आलेला आळ त्यामुळे दूर झाला.

दोन प्रसंगी मात्र वेगाचा प्रश्न बाजूला ठेवावा. एक, पेनड्राइव्ह फसवा असल्यास. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर संगणक ५९.६ दाखवतो ही फसवणूक नव्हे. कंपनी दशमान पद्धतीने मोजते आणि विंडोज दोनच्या घातांत. पण काही नकली पेनड्राइव्हचा कंट्रोलरच खोटे सांगतो. आत असतात ८, सांगतो ६४. आठ भरले की पुढचा मजकूर जुन्यावरच लिहिला जातो किंवा हवेत जातो, आणि सूचीत फाइल मात्र दिसत राहते. पूर्ण भरून आणि परत वाचून पाहणे हीच याची परीक्षा. विंडोजसाठी 'एच२टेस्टडब्ल्यू' आणि लिनक्ससाठी 'एफ३' ही मोफत साधने तेच करतात. परीक्षा पेनड्राइव्ह कोरा असतानाच करावी. दुसरा प्रसंग असा की, पूर्वी झटपट उघडणाऱ्या जुन्या फाइली वाचतानासुद्धा आता वेळ लागू लागला आहे. सेलमधला भार काळाने ओघळतो, वाचताना चुका येतात आणि कंट्रोलर पुन्हा पुन्हा वाचून त्या दुरुस्त करत बसतो. अशा वेळी पेनड्राइव्हवर काहीही लिहू नये. आहे ते आधी उतरवून घ्यावे. पहिल्याच ओळीत 'फॉरमॅट करा' सांगणारा कागद नेमक्या या प्रसंगी सर्वांत घातक ठरतो.

बाईंच्या पेनड्राइव्हचे आम्ही काय केले ते सांगायचे राहिले. झटपट फॉरमॅट केल्याने फक्त सूची कोरी होते, मजकूर जागेवरच असतो. त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तो परत मिळू शकतो. 'फोटोरेक' या मोफत साधनाने आम्ही छायाचित्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतली. ज्या भागावर चित्रपट बसला होता तेथली गेली, निम्म्याहून थोडी अधिक परत आली. पण हे साधन चित्र शोधते, त्याचे नाव शोधू शकत नाही. आणि तारीख नावातच होती. फोनने छायाचित्राच्या आत घातलेली तारीख व्हॉट्सॲपवरून जाताना गळून पडली होती. चित्रांत मापक दिसत होते, पाण्याची पातळीही वाचता येत होती. "सर, फोटो आले हो," बाई म्हणाल्या, "पण हा पाऊस कुठल्या दिवशीचा, ते कसं सांगू मुलांना?"

पहिल्या वर्षीच्या चित्रांचे मात्र तसे झाले नाही. त्या वर्षी मुले पाटीवर तारीख आणि वाडीचे नाव लिहून ती मापकाशेजारी ठेवत आणि मग छायाचित्र काढत. पुढच्या वर्षी कोणीतरी म्हणाले, फोनच तारीख देतो, पाटी कशाला? आणि ती पद्धत बंद पडली.

टिपण काढणाऱ्यांना आम्ही सविस्तर पत्र लिहिले आहे: नववा उपाय पहिला करावा, फॉरमॅट शेवटी न्यावा आणि त्याच्या अगोदर 'आतील सर्व फाइलींची प्रत दुसरीकडे काढून, ती उघडते का हे पाहून' एवढे शब्द घालावेत, डीफ्रॅगमेंट आणि अँटिव्हायरसच्या ओळी काढून टाकाव्यात. उत्तर अजून यायचे आहे. तोवर ते टिपण आपल्या शाळेच्या संगणक कक्षात चिकटवलेले असेल तर पहिल्या उपायावर शाईने काट मारावी. बाईंच्या शाळेतली मुले आता दर रविवारी सगळ्या नोंदी झिप करून दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतात, आणि मापकाशेजारी पुन्हा पाटी आली आहे.